युरोपभर एकच बँक ट्रान्सफर: सेपा घडलं कसं आणि अजून अडतं कुठे?

रानवारा

युरोपातल्या मराठी गटांमध्ये एक प्रश्न सतत येतो. खातं लिथुएनियाच्या आयबॅनचं (आयबॅन म्हणजे देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होणारा आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक), नोकरी जर्मनीत, आणि कंपनीचा पगार विभाग म्हणतो की 'डीई'ने, म्हणजे जर्मनीच्या अक्षरांनी, सुरू होणाराच नंबर द्या. नुकताच आलेला माणूस घाबरतो, पगार लटकतो. उत्तर एका ओळीत देता येतं: कंपनीला तसं म्हणता येत नाही, युरोपियन कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. पण असा कायदा करावा का लागला, ती हकिगत सगळ्यांना माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. ही हकिगत सेपाची, म्हणजे 'सिंगल युरो पेमेंट्स एरिया'ची: युरोतल्या बँक ट्रान्सफरसाठी सगळ्या देशांना एकच व्यवस्था. मी बँकेच्या पेमेंट विभागात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ जानेवारी १९९९ ला युरो हिशेबात आला, २००२ च्या जानेवारीत नोटा-नाणी हातात आली. म्युनिकमधली दहाची नोट मिलानमध्ये चालू लागली. बँकेतले पैसे मात्र सीमेवर अडतच राहिले. जर्मनीत खातेक्रमांक आणि आठ आकडी बांकलाइट्साल (बँकेचा क्रमांक), फ्रान्समध्ये आरआयबी हा खात्याचा वेगळाच तपशील, इटलीत आणखी तिसरंच. क्लिअरिंग (बँकांनी आपसातला हिशेब मिटवायची पद्धत) निराळं, फाइलचा नमुना निराळा, पैसे परत मागायचे नियमही निराळे. तुमची बँक तिच्या ओळखीच्या मोठ्या बँकेला सांगणार, ती पलीकडच्या देशातल्या बँकेला, आणि वाटेत जो तो आपलं शुल्क कापून घेणार. १०० युरो पाठवायला सरासरी २४ युरोच्या आसपास खर्च यायचा. त्यात समोरच्याला नेमके किती पोचतील याची खात्री नाही.

आणि हे तंत्रज्ञान नव्हतं म्हणून नाही. बँकांच्या आपापसातल्या मोठ्या रकमांसाठी टार्गेट ही यंत्रणा ४ जानेवारी १९९९ पासूनच चालू होती. बँकांची सोय पहिल्या आठवड्यात झाली. दुसऱ्या देशात भाडं किंवा फी पाठवणाऱ्या माणसाची नाही.

चक्र फिरलं ते २००१ च्या एका नियमामुळे, क्रमांक २५६०. शुल्क किती घ्या हे त्यात लिहिलेलंच नाही. एवढंच लिहिलंय की युरोतल्या परदेशी व्यवहाराला देशातल्या तशाच व्यवहाराइतकंच शुल्क घ्या. कार्ड आणि एटीएमला तो १ जुलै २००२ पासून लागू झाला, १२,५०० युरोपर्यंतच्या ट्रान्सफरला १ जुलै २००३ पासून, आणि २००६ पासून ही मर्यादा ५०,००० वर गेली. आता बँकांची अडचण बघा. खर्च जुन्याच पद्धतीचा, वसुली मात्र देशातल्या दराने. देशातले दर वाढवले तर आपलेच ग्राहक जाणार. मग उरला एकच उपाय, परदेशी ट्रान्सफरचा खर्चच देशातल्याइतका खाली आणायचा. २००२ मध्ये बँकांनी युरोपियन पेमेंट्स कौन्सिल स्थापन केली ती या रेट्यामुळे. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात हुशार कायदा वाटतो, कारण त्याने भाव ठरवला नाही, फक्त दुजाभाव बंद केला आणि बाकीचं काम बँकांकडून करून घेतलं.

कौन्सिलने नियमपुस्तकं लिहिली. २८ जानेवारी २००८ ला सेपा क्रेडिट ट्रान्सफर सुरू झालं, २ नोव्हेंबर २००९ ला सेपा डायरेक्ट डेबिट, म्हणजे खातेदाराच्या परवानगीने घेणाऱ्यानेच त्याच्या खात्यातून पैसे काढून घेणं. खात्याची ओळख म्हणजे आयबॅन, संदेशाचा नमुना आयएसओ २००२२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा एक्सएमएल, संदर्भ लिहायला १४० अक्षरं, आणि पाठवलेली रक्कम वाटेत न कापता पूर्ण पोचलीच पाहिजे असा दंडक.

आणि मग कोणी हललंच नाही! नवं रेल्वेस्थानक तयार, लोक मात्र जुन्याच फलाटावर. देशातल्या देशात पगार आणि बिलं भागवणाऱ्या कंपनीला सॉफ्टवेअर बदलायचं कारणच काय? बँकांना तर दोन्ही व्यवस्था एकदम चालवाव्या लागत होत्या. शेवटी २०१२ चा २६० क्रमांकाचा नियम आला आणि त्याने तारीखच ठोकली: १ फेब्रुवारी २०१४ नंतर युरो क्षेत्रात जुने नमुने बंद. त्या जानेवारीत लक्षात आलं की बऱ्याच छोट्या कंपन्या तयारच नाहीत, म्हणून १ ऑगस्टपर्यंत सवलत द्यावी लागली. पण झालं.

त्याच नियमाचं ९ वं कलम म्हणजे वरच्या प्रश्नाचं उत्तर. पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याला, किंवा डायरेक्ट डेबिट करणाऱ्याने ग्राहकाला, 'खातं अमुकच देशातलं हवं' असं सांगायचं नाही. पगार देणारी कंपनीही त्यात आली.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा. माझं म्हणणं थोडक्यात हे की ही एकवाक्यता बाजाराने आणली नाही, कायद्याने आणली, आणि जिथे कायदा राबवला जात नाही तिथे ती आजही तुटते.

---

ओवी_

वाचनखूण साठवली. दोन शंका. स्वित्झर्लंड आणि इंग्लंड यात आहेत का? आणि पोलंडसारख्या युरो नसलेल्या देशाचं काय? माझ्या बहिणीचं खातं व्रोत्सवाफला आहे.

---

रानवारा

@ओवी_, दोन्ही आहेत. युरोपियन युनियनचे २७ सदस्य, शिवाय आइसलँड, नॉर्वे, लिश्टेनस्टाइन, स्वित्झर्लंड, इंग्लंड, आणि मोनॅको, सॅन मरिनो, अँडोरा, व्हॅटिकन ही चिमुकली राज्यं. अलीकडे अल्बेनिया, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, मोल्दोवा, सर्बिया यांनाही घेतलं. एकूण ४१.

पण सेपा फक्त युरोसाठी आहे. स्विस फ्रँक, पाउंड किंवा झ्लॉटी पाठवायला ही वाट नाही. बहिणीसाठी महत्त्वाचं असं: १५ डिसेंबर २०१९ पासून पोलंडच्या बँकेला परदेशी युरो ट्रान्सफरसाठी देशातल्या झ्लॉटी ट्रान्सफरइतकंच शुल्क घेता येतं. त्याआधी युरो नसलेल्या देशांतले लोक भरपूर मोजायचे. चलन बदलण्याचा दर मात्र वेगळा, तो नीट बघूनच पाठवायला सांगा.

इंग्लंड ब्रेक्झिटनंतरही योजनेत राहिलं, पण समान शुल्काचा कायदा तिथे आता लागू नाही. त्यामुळे जर्मनीहून लंडनला युरो पाठवताना काही बँका जादा पैसे घेतात, आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही द्यावा लागतो.

---

कोकणकडा

धागा उत्तम. मी पुण्यात बँकेतून निवृत्त झालो, आयुष्य क्लिअरिंगमध्ये गेलं, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

कायदा करणाऱ्याला तारीख लिहायला एक ओळ लागते. ती पाळायला बँकेत काय काय करावं लागतं ते आम्ही पाहिलंय. एकेका ग्राहकाचा खातेक्रमांक नव्या साच्यात बसवायचा, प्रत्येक स्थायी सूचना (ठरल्या तारखेला आपोआप पैसे पाठवण्याची) बदलायची, प्रत्येक शाखेतल्या माणसाला शिकवायचं. जर्मनीत स्पारकासे (स्थानिक बचत बँका) आणि सहकारी बँका गावोगावी आहेत, आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकांसारख्याच. त्यांचे ग्राहक सीमेपलीकडे पैसे पाठवतात तरी किती? मोठ्या कंपन्यांच्या सोयीचा खर्च या छोट्या बँकांनी उचलला असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे, भारतात एनईएफटी २००५ ला आली, आयएमपीएस २०१० ला, यूपीआय २०१६ ला. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास. युरोपला दहा सेकंदांत पैसे पोचवणं सगळ्या बँकांना सक्तीचं करायला २०२५ उजाडलं. एवढा उशीर का?

---

रानवारा

काका, दोन्ही मुद्दे मोलाचे आहेत.

खर्चाचं म्हणाल तर तो पडला, नाकारता येणार नाही. पण 'छोट्या बँकेचा ग्राहक सीमेपलीकडे पाठवत नाही' हे मला पटत नाही. जर्मनीतल्या आखनचा माणूस नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला कामाला जातो, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा जर्मनीतल्या केलला. लक्झेंबर्गमध्ये तर रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून माणसं कामाला येतात. शिवाय पाठवत नव्हते याचं एक कारण तेच २४ युरो होते. रस्ताच नसेल तर गाड्या मोजून काय कळणार?

उशिराबद्दल: भारतात एक रिझर्व्ह बँक, एक एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था), एक कायदा. इथे प्रत्येक देशाची स्वतःची चालती व्यवस्था होती, आणि ती चांगलीच चालत होती. नेदरलँड्समध्ये ऑनलाइन पैसे भरायला आयडील, जर्मनीत लास्टश्रिफ्ट (तिथलं डायरेक्ट डेबिट), फ्रान्सचं कार्ड. देशातल्या देशात लोक खूश होते. जिथे काहीच नाही तिथे नवं उभं करणं सोपं. जिथे घर नांदतं आहे तिथे भिंत पाडायला कोण तयार होईल?

तात्काळ पेमेंटची कहाणी तर २००८ चीच पुनरावृत्ती. २१ नोव्हेंबर २०१७ ला सेपा इन्स्टंट सुरू झालं, दहा सेकंदांची मर्यादा, वर्षाचे ३६५ दिवस. वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०१८ ला, युरोपियन सेंट्रल बँकेने टिप्स ही तात्काळ पेमेंटची यंत्रणाही उभी केली. पण सहभाग ऐच्छिक. काही बँका फक्त घ्यायच्या, पाठवू द्यायच्या नाहीत, आणि कित्येक बँका तात्काळ ट्रान्सफरला जादा पैसे लावायच्या. मग २०२४ चा ८८६ क्रमांकाचा नियम आला. युरो क्षेत्रातल्या बँकांना ९ जानेवारी २०२५ पासून तात्काळ पैसे स्वीकारणं बंधनकारक, शुल्क साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त नको; ९ ऑक्टोबर २०२५ पासून पाठवणंही बंधनकारक. युरो नसलेल्या सदस्य देशांना २०२७ पर्यंत मुदत. पुन्हा तेच: आधी ऐच्छिक, मग वर्षं वाया, मग कायदा. दोनदा हाच धडा मिळाल्यावर तिसऱ्यांदा तरी पहिल्यापासून तारीख लिहावी एवढीच माझी अपेक्षा आहे.

---

दीपशिखा

आयबॅनवरून नाकारण्याचा अनुभव माझ्याकडे ताजा आहे. मी बर्लिनला आले तेव्हा माझं खातं नेदरलँड्सचं होतं, 'एनएल'वालं. घरभाडं, विमा सगळं त्यातून जात होतं. एका इंटरनेट कंपनीच्या अर्जात मात्र 'डीई' आधीच छापलेलं, पुढे फक्त वीस रिकाम्या चौकटी. डच आयबॅन असतो अठरा अक्षरांचा, तो बसणारच कसा? फोन केला तर 'सिस्टिम घेत नाही'.

मी त्यांना लेखी कळवलं: नियम २६०/२०१२, कलम ९, दुसरा परिच्छेद. भांडणाची भाषा वापरली नाही, फक्त कलमाचा मजकूर चिकटवला आणि लेखी उत्तर मागितलं. काही दिवसांत हाताने नोंद करून दिली. ज्यांना हे कलम माहीत नाही ते मात्र निमूटपणे नवीन खातं उघडत असणार, आणि त्याचा मला खरंच संताप येतो.

---

रानवारा

@दीपशिखा, अगदी योग्य केलंत. कोणाला पुढे जायचं असेल तर जर्मनीत वेटबेवर्ब्सत्सेंट्राले या संस्थेकडे अशा तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. इतर देशांत निरनिराळ्या यंत्रणा आहेत, आणि हीच मेख आहे. नियम सगळ्यांना एक, राबवणारे हात देशागणिक वेगळे.

न्यायालयाचा निकालही हाताशी ठेवा. डॉइशे बानच्या वेबसाइटवर डायरेक्ट डेबिटने तिकीट घ्यायचं तर ग्राहक जर्मनीत राहणारा हवा अशी अट होती. ऑस्ट्रियाच्या ग्राहक संघटनेने दावा लावला. ५ सप्टेंबर २०१९ ला युरोपियन न्यायालयाने सांगितलं की ही अट कलम ९ च्या विरुद्ध आहे. कंपनी म्हणत होती, आम्ही कार्डाचा पर्याय दिलाय की! न्यायालयाने तेही मानलं नाही. राहण्याचं ठिकाण विचारणं म्हणजे आडवळणाने खात्याचा देश विचारणंच, कारण माणूस बहुधा राहतो तिथेच खातं ठेवतो.

---

बेळगावी_कुंदा

आयबॅनमधले पहिले दोन आकडे कशासाठी असतात?

---

रानवारा

तपासणीसाठी. देशाची अक्षरं आणि ते दोन आकडे उचलून शेवटी न्यायचे, अक्षरांच्या जागी आकडे ठेवायचे (ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, झेडपर्यंत ३५), आणि तयार झालेल्या लांबलचक संख्येला ९७ ने भागायचं. बाकी १ उरली तर आयबॅनची रचना बरोबर. एखादा आकडा चुकला तर बाकी बदलतेच, शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी जवळजवळ नेहमी पकडले जातात. नॉर्वेचा आयबॅन १५ अक्षरांचा, माल्टाचा ३१, पण हिशेब सगळ्यांना हाच. म्हणूनच 'आमची सिस्टिम परदेशी आयबॅन घेत नाही' ही सबब मला मान्य नाही. तपासणी एकच आहे, लांबी देशावरून कळते.

पण यातून रचनाच कळते, खातं कोणाचं ते नाही. आणि नेमकी हीच फट फसवणूक करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरली. कायद्याने बँकेने फक्त आयबॅन बघायचा होता. नाव काहीही लिहा, पैसे आयबॅनवर जाणार. खोट्या बिलावर खरं नाव आणि चोराचा आयबॅन, झालं काम.

---

कोकणकडा

आमच्याकडेही हेच होतं. एनईएफटीत खातेक्रमांक चालायचा, नाव नुसतं शोभेला. आता रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटीला पैसे पाठवण्याआधी नाव दाखवण्याची सोय द्यायला सांगितली. तुमच्याकडे?

---

रानवारा

९ ऑक्टोबर २०२५ पासून आहे, काका, तात्काळ आणि साध्या दोन्ही ट्रान्सफरला, आणि फुकट. पाठवण्याआधी बँक सांगते: नाव जुळलं, थोडंफार जुळलं, किंवा जुळत नाही. थोडंफार जुळलं तर खातेदाराचं खरं नाव दाखवते. न जुळताही तुम्ही पाठवलंत तर जबाबदारी तुमची. बँकेने तपासणीच केली नाही आणि पैसे भलतीकडे गेले तर भरपाई बँकेची.

आपल्या लोकांनी इथे खास लक्ष द्यावं. बँकेतलं नाव पासपोर्टवरून येतं, आणि आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बरेचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तुम्ही घरमालकाला, मित्रांना सांगता ते सुटसुटीत नाव वेगळं. लग्नानंतर काही कागदांवर एक आडनाव, काहींवर दुसरं. समोरच्याच्या स्क्रीनवर पिवळी सूचना येते आणि तो बिचकतो. तेव्हा आयबॅन देताना बँकेच्या नोंदीत आहे तेच पूर्ण नाव सोबत द्या. व्यवसाय असेल तर बिलावरचं नाव आणि खात्याचं नाव एक करून घ्या, हे आजच करा.

---

ओवी_

हे कालच माझ्यासोबत झालं! घरमालकीणबाईंनी डिपॉझिट परत करताना तीनदा फोन केला. आता कळलं का ते.

आणि भारतात पैसे पाठवायला सेपाचा काही उपयोग?

---

रानवारा

थेट नाही. तुम्ही पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या युरो खात्यात भरता तो टप्पा सेपाचा, म्हणून तो स्वस्त आणि झटपट होतो. पुढे युरोचे रुपये करून आयएमपीएस किंवा एनईएफटीने घरी जातात. मधला विनिमय दर हाच खरा खर्च, जाहिरातीतल्या 'शून्य शुल्का'कडे बघू नका.

पुढची आशा मात्र आहे. यूपीआय आणि टिप्स एकमेकांना जोडण्याचं काम रिझर्व्ह बँक आणि युरोपियन सेंट्रल बँकेने हाती घेतलंय. दोन्हीकडे तात्काळ व्यवस्था आहेत, तेव्हा तांत्रिक जोडणी जमेल. खरा प्रश्न पैसे कोणाचे आणि कुठून आले याच्या तपासण्यांचा आणि विनिमय दर कोण ठरवणार याचा आहे. माझं मत विचाराल तर तिथेही २००१ सारखाच एक साधा नियम लागेल, नाहीतर जोडणी होईल आणि स्वस्ताई होणार नाही.

---

पारिजातक

फार कामाचा धागा. मी आमच्या मंडळाची खजिनदार आहे. मंडळ नेदरलँड्समध्ये नोंदलेलं, पण सभासद मास्ट्रिख्ट, आखन आणि लिएज तिन्हीकडचे. दर वर्षी वर्गणीसाठी मागे लागावं लागतं. गणपतीच्या आधी तर रोज संदेश पाठवायचे. डायरेक्ट डेबिटने जर्मनी आणि बेल्जियमच्या खात्यांतून वर्गणी घेता येईल का?

---

रानवारा

@पारिजातकताई, येईल, आणि सेपा अशाच कामासाठी आहे. तीन देशांत तीन खाती उघडायची गरज नाही.

आधी मंडळाच्या बँकेकडे डायरेक्ट डेबिटचा करार आणि क्रेडिटर आयडेंटिफायर (पैसे काढणाऱ्याचा ओळख क्रमांक) मागा. नेदरलँड्समध्ये तो बँकेमार्फतच मिळतो. मग प्रत्येक सभासदाकडून मॅन्डेट, म्हणजे सही केलेली लेखी परवानगी घ्या. त्यावर मंडळाचं नाव, तो आयडेंटिफायर, मॅन्डेटचा स्वतंत्र क्रमांक, सभासदाचं नाव आणि आयबॅन हवं. वर्गणी काढण्याआधी रक्कम आणि तारीख कळवा; वेगळं ठरलं नसेल तर १४ दिवस आधी.

सभासदांना हेही स्पष्ट सांगा की पैसे कापल्यापासून आठ आठवड्यांत ते काहीही कारण न देता परत मागू शकतात. परवानगीच दिली नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. मॅन्डेटचे मूळ कागद म्हणूनच जपून ठेवा. आणि ३६ महिने एकदाही पैसे काढले नाहीत तर मॅन्डेट आपोआप बाद होतं, ते पुन्हा घ्यावं लागतं.

---

पारिजातक

आठ आठवड्यांचं ऐकून आमचे अध्यक्ष म्हणतात, 'मग सगळे गणपती जेवून पैसे परत घेतील.' मी म्हटलं, आपली माणसं अशी नाहीत. एक अडचण मात्र आहे: लिएजच्या दोन सभासदांची खाती भारतीय बँकांच्या युरोपातल्या शाखांमध्ये आहेत. तिथून चालेल?

---

रानवारा

ती शाखा डायरेक्ट डेबिट योजनेत आहे का त्यावर अवलंबून. प्रत्येक योजनेत सहभागी बँकांची यादी युरोपियन पेमेंट्स कौन्सिल प्रसिद्ध करते. तुमची बँक त्या दोन आयबॅनवरून मिनिटात सांगेल. नसेल तर त्या दोघांनी स्थायी सूचना लावून ठेवावी, दर वर्षी एका ठरलेल्या तारखेला मंडळाच्या आयबॅनवर. मॅन्डेटचा डच आणि इंग्रजी नमुना मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. जर्मन सभासदांसाठी @दीपशिखा भाषांतर तपासतील का?

---

दीपशिखा

हो, पाठवा. रविवारपर्यंत करून देते.